'नॅचरल', 'फ्री रेंज', 'हॉर्मोनविरहित' : पाकिटावरचा शब्द नेमका कशाबद्दल बोलतो?

चांदणवेल :

बाबांना मीठ तोडायला सांगून आता दोन वर्षं होतील. वरून मीठ घेणं थांबलं, तयार सूप थांबलं, डबाबंद सगळं थांबलं. कोंबडी चालेल असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून ती मी निर्धास्तपणे आणत होते, आणि तीही 'ऑल नॅचरल' असं ठळक हिरव्या अक्षरांत लिहिलेली, अमेरिकन पद्धतीच्या पाकिटातली.

मागच्या महिन्यात पाकीट फ्रीजमध्ये सरकवताना तळाशी पाणी दिसलं. पुसायला घेतलं आणि नावाखालची बारीक ओळ पहिल्यांदा नीट वाचली : 'चिकन ब्रॉथ, सागरी मीठ आणि नैसर्गिक स्वाद यांचं १५ टक्क्यांपर्यंत द्रावण मिसळलेलं.' लगेच मागची पोषणाची चौकट पाहिली. एका सर्व्हिंगला, म्हणजे ११२ ग्रॅमला, ३६० मिलिग्रॅम सोडियम. कच्च्या कोंबडीत मुळात १०० ग्रॅममागे साधारण ५० ते ९० मिलिग्रॅम असतं. मी चिमूटभरही मीठ न घालता शिजवत होते, आणि मीठ माझ्या आधीच सुईने आत टोचलेलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. उठून नियम वाचत बसले, आणि तेव्हापासून वाचतेच आहे. अमेरिका आणि युरोपीय संघाचे नियम जास्त वाचले, कारण तिथे हे शब्द कायद्याने बऱ्यापैकी बांधलेले आहेत. एक शब्द एका ठिकाणी काय हमी देतो हे कळलं, की दुसरीकडे काय विचारायचं तेही कळतं.

आधी 'नॅचरल'. अमेरिकेच्या कृषी खात्याची, म्हणजे यूएसडीएची, मांसासाठीची व्याख्या १९८२ च्या एका धोरणपत्रकातून आली आहे. कृत्रिम घटक नको, वरून घातलेला रंग नको, आणि प्रक्रिया अगदी जुजबी हवी. झालं. ब्रॉथ कृत्रिम नाही, मीठ कृत्रिम नाही, त्यामुळे माझं पाकीट नियमात चोख बसत होतं. कोंबडी कुठे वाढली, काय खाऊन वाढली, तिला कोणती औषधं दिली, याबद्दल हा शब्द काहीच म्हणत नाही. तो कत्तलीनंतरच्या टेबलापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो.

आणि हो, द्रावणाची टक्केवारी पदार्थाच्या नावाचाच भाग म्हणून छापणं जानेवारी २०१६ पासून तिथे बंधनकारक आहे. म्हणजे ती ओळ माझ्यापासून कुणी लपवली नव्हती. मी 'नॅचरल' वाचून थांबत होते.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. कुठलाही शब्द दिसला की विचारायचं, हा जनावराच्या कुठल्या टप्प्याबद्दल बोलतोय? जन्म, खाद्य, निवारा, औषधं, कत्तल की पॅकिंग? आणि ते खरंच तसं झालं हे कुणी जाऊन पाहिलंय? बहुतेक शब्द एकाच टप्प्याबद्दल बोलतात, बाकीचे टप्पे आपण मनाने भरून टाकतो.

तुम्ही कोणते शब्द वाचता, कोणते समजले, कोणत्यांनी चकवलं, ते कृपया लिहा. या क्षेत्रात काम केलेलं कुणी असेल तर फारच बरं.

खडीसाखर :

चांदणवेलताई, बाबांची तब्येत आता कशी आहे? वाचून पोटात गोळा आला. माझ्या सासूबाईंनाही मीठ वर्ज्य आहे, आणि मी आजवर कच्च्या मांसाच्या पाकिटावरची सोडियमची ओळ पाहिलेली नाही. कच्च्या मांसात मीठ असेल असं डोक्यातच येत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. 'हॉर्मोन न देता वाढवलेली कोंबडी' असं लिहिलेलं पाकीट मी मुलीसाठी जास्त पैसे देऊन घेते. ते तरी खरं असतं ना?

रानजाई :

खडीसाखर, खरं असतं, पण त्या खरेपणाचे जास्त पैसे देऊ नका. मी पशुवैद्य आहे, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो.

कोंबड्यांना हॉर्मोन देणं अमेरिकेत मुळातच बंद आहे. कुणालाच परवानगी नाही. म्हणून कोंबडीच्या पाकिटावर 'हॉर्मोन दिलेले नाहीत' असं छापायचं असेल, तर 'कोंबड्यांमध्ये हॉर्मोन वापरायला कायद्याने बंदी आहे' हे वाक्यही त्याच्याशी जोडून छापावं लागतं. पाकीट पुन्हा पाहा, नक्की सापडेल. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत एवढा मोठा होतो तो हॉर्मोनमुळे नाही. कित्येक पिढ्या निवडून पैदास केलेली जात आणि मोजूनमापून दिलेलं खाद्य, हे त्यामागचं कारण आहे.

गोमांसाच्या बाबतीत मात्र याच शब्दाला वजन आहे. अमेरिकेत गुरांच्या कानामागे त्वचेखाली हॉर्मोनची गोळी बसवायला परवानगी आहे. इस्ट्राडायोल, टेस्टोस्टेरॉन, ट्रेनबोलोन वगैरे. युरोपीय संघात वाढीसाठी हॉर्मोन द्यायला बंदी आहे आणि अशा मांसाची आयातही १९८९ पासून बंद आहे. म्हणजे तेच वाक्य एका पाकिटावर पोकळ आणि दुसऱ्यावर भरीव.

आता अँटिबायोटिकबद्दल, कारण तिथे माणसं दोन वेगळे प्रश्न एकत्र करतात आणि मग भांडतात.

पहिला प्रश्न, मांसात औषधाचा अंश आहे का? औषध दिलेल्या जनावराला लगेच कापता येत नाही. औषध थांबवल्यापासून ठरलेले दिवस जाऊ द्यावे लागतात, अंश ठरलेल्या मर्यादेच्या खाली यावा लागतो. हे सगळ्याच मांसाला लागू आहे, लेबल असो वा नसो.

दुसरा प्रश्न, जनावराला आयुष्यात कधी अँटिबायोटिक दिलं होतं का? 'अँटिबायोटिकशिवाय वाढवलेलं' हे वाक्य याबद्दल बोलतं. याचा संबंध तुमच्या ताटातल्या आजच्या घासापेक्षा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंशी जास्त आहे. कळपभर औषध वापरलं की जे जंतू तगतात तेच वाढतात, आणि मग माणसाच्या आजारातही तीच औषधं लागू पडेनाशी होतात. मला स्वतःला हा प्रश्न फार जवळचा आहे. युरोपीय संघाने केवळ वाढीसाठी अँटिबायोटिक देणं १ जानेवारी २००६ पासून बंद केलं. माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली औषधं तशी वापरणं अमेरिकेत २०१७ पासून थांबलं.

एक बारकावा सांगते. कोंबड्यांना कॉक्सिडिओसिस नावाचा आतड्याचा रोग होतो. त्यावर आयनोफोर गटाची औषधं खाद्यातून देतात. ती माणसांसाठी वापरत नाहीत. अमेरिकेत ती अँटिबायोटिक म्हणून मोजली जातात, युरोपात कॉक्सिडिओसिसवरचा खाद्यपूरक घटक म्हणून. त्यामुळे 'कधीच अँटिबायोटिक नाही' आणि 'माणसांसाठी महत्त्वाची अँटिबायोटिक नाहीत' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. दुसरं वाक्य मला स्वतःला जास्त समंजस वाटतं.

शिंपला :

रानजाई, प्रतिसाद उत्तम. पण माझा मुद्दा मूळ लेखातल्या शेवटच्या प्रश्नाचा आहे : कुणी जाऊन पाहिलंय का?

अमेरिकेत मांसावरचे असे दावे छापायच्या आधी मंजुरी घ्यावी लागते, पण ती मिळते मुख्यतः कागदपत्रांवर. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या कृषी खात्याने स्वतःच केलेल्या तपासणीचा निकाल जाहीर केला. 'अँटिबायोटिकशिवाय वाढवलेलं' म्हणून विकल्या जाणाऱ्या गुरांच्या यकृत आणि मूत्रपिंडाच्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. पाचात एक! हे बाहेरच्या कुठल्या टीकाकाराने केलेलं नाही, खात्याने स्वतः केलंय.

मग कशावर विसंबायचं? मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

रानजाई :

शिंपला, तो निकाल वाचून मलाही फार वाईट वाटलं होतं. जे शेतकरी प्रामाणिकपणे हे करतात, त्यांच्यावरही त्याची सावली पडते. आजारी जनावराला औषध द्यायचं आणि मग ते त्या कळपातून काढून साध्या बाजारात विकायचं, असा प्रामाणिक मार्ग आहे आणि त्यात पैसे कमी मिळतात. ज्यांनी तो तोटा सोसला त्यांच्या बाजूला ज्यांनी सोसला नाही तेही त्याच शब्दाखाली उभे आहेत.

त्याच वेळी खात्याने आपल्या मार्गदर्शनात बाहेरच्या त्रयस्थ संस्थेकडून प्रमाणपत्र घेण्याचा आग्रह धरला. सक्ती केलेली नाही. म्हणून माझं उत्तर सरळ आहे. शब्दाशेजारी तपासणाऱ्या संस्थेचं चिन्ह आहे का ते पाहा, आणि त्या संस्थेचे निकष तिच्या संकेतस्थळावर वाचा.

खडीसाखर :

रानजाईताई, मनापासून आभार. पाकीट पाहिलं. वाक्य आहे. अगदी खाली, ताऱ्याची खूण करून.

आता मला जे माहीत आहे ते लिहिते, म्हणजे अंडी. दोन वर्षं युरोपात होते तेव्हा हे शिकले. तिथे प्रत्येक अंड्याच्या कवचावर लाल शाईने आकडे छापलेले असतात. पहिला आकडा कोंबडी कशी ठेवली ते सांगतो. ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे फ्री रेंज, २ म्हणजे पिंजरा नाही पण शेडमध्येच, ३ म्हणजे पिंजऱ्यात. मग देशाची अक्षरं, मग फार्मचा क्रमांक. अंडं हातात धरून मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती बरं वाटलं सांगू! एक आकडा, आणि त्यात संदिग्ध काही नाही.

जुन्या पद्धतीचे उघडेबोडके पिंजरे तिथे १ जानेवारी २०१२ पासून बंद आहेत. आता पिंजरा असलाच तर बसायला दांडी, अंडी घालायला आडोसा आणि दर कोंबडीमागे निदान ७५० चौरस सेंटिमीटर जागा द्यावी लागते. हा आकडा ऐकून मी ए-फोर आकाराचा कागद जमिनीवर ठेवून पाहिला. तो ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे एक कागद आणि वर चार बोटं. 'सुधारलेला पिंजरा' तो हा. फ्री रेंजला बाहेर दर कोंबडीमागे ४ चौरस मीटर.

तेव्हापासून ३ आकड्याचं अंडं मी घेतलेलं नाही.

उंबरठा :

धागा सकाळपासून वाचतोय. कोंबडीच्या प्रक्रिया कारखान्यात गुणवत्ता विभागात अठरा वर्षं काढली, आता निवृत्त आहे. थोडी भर घालतो.

'केज फ्री' अंड्यांवर असेल तर त्याला अर्थ आहे. मांसाच्या कोंबडीवर असेल तर अमेरिकेत आणि युरोपात तो शब्द जवळजवळ रिकामा आहे. तिथे ब्रॉयलर पिंजऱ्यात वाढवतच नाहीत, मोठ्या शेडमध्ये तूस पसरून जमिनीवर वाढवतात. न ठेवलेल्या पिंजऱ्यातून सुटका केल्यासारखं आहे ते.

'फ्री रेंज' मांसाच्या कोंबडीसाठी अमेरिकेत म्हणजे बाहेर जायची सोय. बाहेर किती जागा हवी, हे त्या व्याख्येत नाही. कोंबडी भित्री असते. लहान दार असेल, बाहेर झाड-झुडूप काही नसेल, वर मोकळं आभाळ आणि घारीचं भय असेल, तर ती दारापर्यंत येते आणि परत फिरते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दार उघडं होतं, नोंदवहीत तशी नोंदही होती, आणि कोंबड्या आत होत्या. तीच जात दुसऱ्या शेतावर, दारासमोर झुडपं लावलेली, तर सकाळी दार उघडताच बाहेर पळायच्या आणि धुळीत अंग घुसळायच्या. दोघांच्या पाकिटावर शब्द एकच.

म्हणून रानजाईताई म्हणतात ते निकष वाचायचं काम महत्त्वाचं आहे. एकाच संस्थेचं उदाहरण घ्या. 'सर्टिफाइड ह्युमेन' हे चिन्ह देणाऱ्या संस्थेच्या अंड्यांसाठीच्या निकषात 'फ्री रेंज' म्हणजे बाहेर दर पक्ष्यामागे २ चौरस फूट, आणि 'पाश्चर रेज्ड' (कुरणावर वाढवलेली) म्हणजे १०८ चौरस फूट. कानाला दोन्ही शब्द सारखेच गोड लागतात, जागेत चोपन्न पटींचा फरक आहे.

फ्रान्सचं 'लाबेल रूज' चिन्ह मला यात सगळ्यात आवडतं, कारण ते वयाबद्दल बोलतं. कोंबडी निदान ८१ दिवसांची झाल्याशिवाय कापायची नाही. साध्या ब्रॉयलरच्या जवळजवळ दुप्पट आयुष्य. हळू वाढणारी जातच लागते, जलद वाढणारी जात तेवढे दिवस आपल्या पायांवर नीट उभी राहू शकत नाही. वयाचा एक आकडा लिहिला की जात, पायांचं आरोग्य आणि चव यांची उत्तरं मागोमाग येतात.

आणि 'शाकाहारी खाद्यावर वाढवलेली' याबद्दल एवढंच, की कोंबडी मुळात किडे, अळ्या, दाणे, पाला सगळं खाणारा पक्षी आहे. खाद्यात कत्तलखान्यातलं काही नाही, ही त्या शब्दाची हमी आहे आणि ती ज्यांना हवी त्यांच्यासाठी ठीक. पण बाहेर मोकळी चरणारी कोंबडी शाकाहारी राहत नाही.

शिंपला :

काका, 'दार उघडं होतं आणि कोंबड्या आत होत्या' हे डोक्यातून जाणार नाही.

'ग्रासफेड' बद्दल कुणी सांगेल का?

रानजाई :

'ग्रासफेड'चं दुखणं असं, की जवळजवळ प्रत्येक गाय-बैल आयुष्याचा काही काळ गवतावर काढतोच. प्रश्न शेवटच्या महिन्यांचा असतो, तेव्हा कुरणातून उचलून त्यांना धान्यावर आणतात, वजन आणि स्नायूंतली चरबी वाढवायला. म्हणून 'शंभर टक्के ग्रासफेड' किंवा 'ग्रास फिनिश्ड' असं लिहिलेलं शोधा. अमेरिकेच्या कृषी खात्याचं ग्रासफेडचं एक ऐच्छिक मानक होतं, ते जानेवारी २०१६ मध्ये मागे घेतलं गेलं. दावा अजूनही मंजुरीनेच छापला जातो, पण ते सामाईक मानक आता नाही. आणि गवतावर वाढलं म्हणजे औषध-हॉर्मोन दिले नाहीत असं होत नाही, तो वेगळा टप्पा.

उघड्या मांसाची चरबी पाहा. गवतावरच्या जनावराच्या चरबीला पिवळसर झाक असते, ती गवतातल्या बीटा कॅरोटीनची. पुष्कळजण ती पाहून मांस शिळं समजतात.

'ऑरगॅनिक' हा त्यातल्या त्यात बरेच टप्पे झाकणारा शब्द. अमेरिकेत २००२ पासून राष्ट्रीय मानक लागू आहे. खाद्य सेंद्रिय, अँटिबायोटिक नाही, वाढीचे हॉर्मोन नाहीत, बाहेर जायची सोय, आणि दरवर्षी प्रत्यक्ष तपासणी. रवंथ करणाऱ्या जनावरांना चराईच्या मोसमात, वर्षातले निदान १२० दिवस, कुरणावर चरायला मिळालं पाहिजे आणि त्या काळात आहाराचा (त्यातलं पाणी वगळून मोजलेला) निदान ३० टक्के वाटा चरण्यातून यायला हवा. पोल्ट्रीत सेंद्रिय संगोपन आयुष्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात, अंड्यातून बाहेर पडतानाचा पहिला दिवस त्यात नाही. मिश्र पदार्थात 'ऑरगॅनिक' म्हणजे ९५ टक्के घटक सेंद्रिय, 'सेंद्रिय घटकांनी बनवलेलं' म्हणजे ७० टक्के.

खडीसाखर :

आणि मुलांच्या डब्यातलं 'अनक्युअर्ड', म्हणजे नायट्राइट लावून न टिकवलेलं, हॅम, बेकन? 'नायट्राइट घातलेलं नाही' असं लिहिलेलं मी मुद्दाम शोधते.

उंबरठा :

खडीसाखर, त्या वाक्याचं शेपूट वाचा. 'सेलरीच्या भुकटीत नैसर्गिकरीत्या असलेलं सोडून' असं असेल. सेलरीच्या भाजीत नायट्रेट भरपूर असतं. जिवाणूंच्या मदतीने त्याचं नायट्राइट करतात आणि तेच मांसात घालतात. रेणू तोच. मांस गुलाबी राहतं, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढत नाहीत, काम अगदी तेच होतं. तसं नसतं तर ते गुलाबी दिसलंच नसतं. आमच्या कारखान्यात दोन्ही ओळी शेजारी शेजारी चालायच्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलं. मिठाने, धुराने, आंबवून टिकवलेलं सगळं त्यात येतं. सेलरीला तिथे सवलत नाही. तेव्हा डब्यात किती वेळा द्यायचं ते ठरवा, कुठलं द्यायचं याने फारसा फरक पडणार नाही.

खिम्याबद्दलही लिहितो, कारण तिथे वजनाची टक्केवारी फसवते. '८० टक्के लीन' म्हणजे वजनात २० टक्के चरबी. शंभर ग्रॅम कच्च्या खिम्यात साधारण २५० कॅलरी, त्यातल्या १८० चरबीच्या. निम्म्याहून कितीतरी जास्त ऊर्जा चरबीची, आणि वर मोठ्ठा आकडा ८०.

मोरचूद :

मांस खात नाही, तरी पूर्ण धागा वाचला. नैसर्गिक पदार्थांबद्दल एक : लाल दही, लाल पेयं, गोळ्या यांतला 'कारमाइन' हा रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. नैसर्गिक आहे, यात शंका नाही. पण मला तो नको. अमेरिकेत जानेवारी २०११ पासून तो नावानिशी लिहावा लागतो, त्याआधी नुसत्या 'रंग घातला आहे' यात खपून जायचा. शाकाहारी मंडळींनी 'नैसर्गिक' वाचून थांबू नये.

चांदणवेल :

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, काय बोलू. सगळे प्रतिसाद मोठ्या अक्षरांत छापून बाबांना दिले. खडीसाखर, त्यांची तब्येत आता बरी आहे, पायांची सूज उतरली आहे.

काल ते स्वतः माझ्याबरोबर आले, खिशात भिंग घेऊन. मिठाच्या द्रावणाचं एकही पाकीट घ्यायचं नाही असं ठरवून निघालो होतो. शेवटी बाबा दोन हातांत दोन पाकिटं घेऊन थांबले. एकावर 'एअर चिल्ड', दुसऱ्यावर 'राखलं गेलेलं पाणी ४ टक्क्यांपर्यंत'. विचारलं, "हे पाणी कसलं? यात मीठ आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. उंबरठाकाका, तुम्हालाच विचारते.

उंबरठा :

वडिलांना नमस्कार सांगा. त्यांनी नेमका प्रश्न विचारलाय.

त्यात मीठ नाही. कापल्यावर कोंबडी लगेच थंड करावी लागते, नाहीतर जंतू वाढतात. एक पद्धत म्हणजे बर्फाळ पाण्याच्या लांब हौदातून तिला पुढे नेणं. त्यात कातडीखाली थोडं पाणी राहतं, तेच हे 'राखलं गेलेलं पाणी', आणि किती ते छापावं लागतं. दुसरी पद्धत थंड हवेच्या खोलीत टांगून ठेवायची, ती 'एअर चिल्ड'. त्यात पाणी शिरत नाही, म्हणून त्यावर ती ओळ नसते. आपण पाण्याचे पैसे देत नाही, आणि तव्यावर ती पाणी सोडत नाही, लवकर खरपूस होते. मिठाच्या दृष्टीने दोन्ही चालतील. घटकांच्या यादीत कोंबडीशिवाय काही नसावं आणि सोडियम १०० ग्रॅमला शंभराच्या आत असावं, एवढं भिंगातून पाहा.

चांदणवेल :

पाहिलं. एअर चिल्डचं आणलं होतं. ७० आहे.